आधी कोणता प्रश्न हाती घ्यायचा?

स्थानिक पोलीस आणि रहिवासी यांनी मिळून सुरक्षेचे अग्रक्रम कसे ठरवावेत, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : पोलीस ठाण्याने रहिवाशांची बैठक बोलावली होती. दोन तास चर्चा झाली, सतरा तक्रारी फळ्यावर लिहिल्या गेल्या आणि शेवटी ‘सगळ्यावर लक्ष देऊ’ असं ठरलं. महिना उलटला तरी काही हललं नाही. पुढच्या बैठकीत वेगळं काय करावं?

सतरा गोष्टींवर लक्ष द्यायचं ठरवलं, की एकीवरही लक्ष राहत नाही. एका वेळी दोन, फार तर तीन प्रश्न घ्या आणि त्यांना तीन महिन्यांची मुदत द्या. ठाण्यातलं मनुष्यबळ बंदोबस्त, तपास, कोर्टाच्या तारखा यांत आधीच वाटलेलं असतं. उरलेला वेळ थोडा असतो आणि तो सतरा ठिकाणी वाटला तर कुठेच दिसत नाही.

बहुतेक बैठका एका ठिकाणी फसतात. फळ्यावर प्रश्न लिहिलेच जात नाहीत, नुसते विषय लिहिले जातात. ‘वाहनचोरी’ हा विषय झाला. ‘रेल्वे स्थानकाच्या मागच्या गल्लीत, कामाच्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत, हँडल लॉक न केलेल्या दुचाकी चोरीला जातात’ हा प्रश्न झाला. विषयावर फक्त ‘गस्त वाढवा’ एवढंच म्हणता येतं. प्रश्न असा मांडला की त्यातच तीन-चार उपाय दिसू लागतात : वाहनतळावर माणूस बसवणं, लॉक लावण्याची आठवण देणारा फलक, गल्लीचं एक टोक बंद करणं, दुपारी त्या बाजूने एक फेरी. अमेरिकेतले पोलीस-कामाचे अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. पोलीस एकेक घटना निपटत राहतात आणि त्या घटनांच्या मुळाशी असलेला प्रश्न तसाच राहतो, हे त्यांचं म्हणणं. जगभर ज्याला प्रश्नकेंद्री पोलिसिंग म्हणतात, ते तिथून सुरू झालं.

म्हणून प्रत्येक तक्रारीला आधी काय, कुठे, कधी आणि कोणाच्या बाबतीत, असं विचारा. ज्या तक्रारीला यातल्या तीन प्रश्नांचीही उत्तरं मिळत नाहीत, ती त्या दिवशी मतदानाला ठेवू नका. दोघांना नेमून द्या, माहिती जमवू द्या आणि पुढच्या बैठकीत घ्या.

उरलेल्या तक्रारींना चार निकषांवर एक ते पाच गुण द्या. किती नुकसान होतं? किती वेळा घडतं? ठरावीक जागी आणि वेळी एकवटलेलं आहे का? स्थानिक पातळीवर त्याचं काही करता येतं का, म्हणजे ते आपल्या आवाक्यात आहे का? नुकसानीचे गुण दुप्पट धरा, म्हणजे एकूण पंचवीस होतात. एक उदाहरण करून पाहू. चौकातल्या रात्रीच्या गोंगाटाला नुकसान १ (दुप्पट २), वारंवारता ५, एकवटलेपणा ५, आवाका ४, म्हणजे १६ गुण मिळतात. पादचारी पुलाच्या अंधाऱ्या जिन्यावर पर्स आणि साखळ्या हिसकावल्या जातात, त्याला नुकसान ४ (दुप्पट ८), वारंवारता ३, एकवटलेपणा ५, आवाका ४, म्हणजे २० गुण. फोनवरून होणाऱ्या आर्थिक फसवणुकीत नुकसान ४ (दुप्पट ८) आणि वारंवारता ४ आहे, पण फसवणारा कुठेही बसलेला असतो, म्हणून एकवटलेपणा १ आणि आवाका १, एकूण १४. गुण दिले नसते, तर बैठकीत गोंगाट पहिला आला असता, कारण त्याचा त्रास सगळ्यांना रोज होतो. फसवणूक यादीत खाली गेली म्हणून ती क्षुल्लक ठरत नाही. बीटवरचा (ठाण्याच्या हद्दीतल्या एका ठरावीक तुकड्यावर नेमलेला) अंमलदार तिथे फारसं करू शकत नाही. तिथे ताबडतोब बँकेला कळवणं आणि तक्रार नोंदवणं कामाला येतं आणि ते लोकांना शिकवायला वेगळा कार्यक्रम लागतो.

गुणांचा हा हिशेब काटेकोर शास्त्र नाही. त्याचा उपयोग इतकाच, की वाद ‘कोण मोठ्याने बोलतं’ यावरून निघून ‘नुकसान तीन की चार’ यावर येतो. तो वाद सोडवता येतो.

बैठक सुरू होताच, कोणी बोलायच्या आधी, प्रत्येकाला चिठ्ठी द्या आणि एकच तक्रार लिहायला सांगा. चर्चेनंतर चिठ्ठ्या दिल्या तर पहिल्या दोन वक्त्यांचीच मतं सगळ्या चिठ्ठ्यांवर उमटतात. आलं कोण नाही, हेही पाहा. शिकागोमध्ये १९९३ पासून बीटनिहाय बैठका सुरू झाल्या, तेव्हा स्वतःचं घर असलेले आणि वयाने मोठे लोक जास्त येतात आणि भाडेकरू, तरुण मागे राहतात, असं तिथे दिसून आलं. सगळीकडे थोड्याफार फरकाने असंच असतं. रात्रपाळीचे कामगार, पहारेकरी, रस्त्यावर बसणारे विक्रेते, विद्यार्थी संध्याकाळी सातच्या बैठकीला येणार नाहीत. त्यांच्याकडे जाऊन पंधरा मिनिटं बोला. रस्त्यावर रात्री काय चालतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. अशा कामासाठी समिती केली, तर तिच्यात कोणाला घ्यायचं याचा एक चांगला दाखला म्हणजे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी भिवंडीत उभ्या केलेल्या मोहल्ला समित्या. त्यांत हिंदू आणि मुस्लिम, दोन्ही समाजांतली साधी माणसं नेहमी एकत्र बसत. १९९२-९३ मध्ये दंगलींनी मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

निवडलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ लिहा : कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. आणि उरलेल्या चौदा तक्रारींचं काय झालं, तेही त्याच कागदावर लिहा. पथदिवा, कचरा, बंद पडलेला सिग्नल ही पोलिसांची कामं नाहीत. ती ज्या खात्याची आहेत, तिथे अर्ज कोण नेणार हे नावानिशी लिहा. ‘हे आत्ता घेत नाही, कारण अमुक’ असं स्पष्ट सांगितलेलं लोक समजून घेतात. गुळमुळीत होकार दिला, की पुढच्या बैठकीला निम्मी माणसं येत नाहीत.

प्रश्न : ठाण्याच्या नोंदीप्रमाणे आमच्या भागात गुन्हे कमी आहेत. पण संध्याकाळनंतर बायका त्या रस्त्याने जायला घाबरतात. मग खरं काय मानायचं?

दोन्ही खरं असू शकतं. नोंद होण्यासाठी गुन्हा घडावा लागतो, कोणी तक्रार द्यावी लागते आणि ती लिहून घेतली जावी लागते. तिन्ही पायऱ्यांवर गळती होते. महागडं वाहन चोरीला गेलं तर तक्रार येतेच, कारण विम्यासाठी कागद लागतो. छेडछाड, किरकोळ मारहाण, घरातला छळ यांची तक्रार क्वचितच येते. म्हणून नुसती नोंदीची आकडेवारी घेऊन अग्रक्रम ठरवले, तर ज्या गुन्ह्याला कागद लागतो तोच वर येतो.

ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं, की मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या बहुतेकांची माहिती पोलिसांपर्यंत पोचतच नाही. मग अपघात विभागात जखमीचं नाव-गाव न लिहिता मारहाण कुठे झाली, कधी झाली आणि कशाने झाली, एवढीच नोंद घेऊन ती पोलीस आणि नगरपालिकेला दिली जाऊ लागली. कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या मद्यालयाबाहेर मारामाऱ्या होतात, हे त्यातून दिसलं. तुमच्याकडेही असे स्रोत शोधा : जवळचं रुग्णालय, शाळा, बसचे वाहक, मदतीसाठी आलेले फोन. मदतीच्या फोनची नोंद विशेष उपयोगी पडते, कारण गुन्हा दाखल झाला नाही तरी फोन आल्याची वेळ आणि जागा राहते. फक्त आकडे मागताना नावं मागू नका. रस्ता, वार आणि तास एवढं पुरतं.

भीती हा स्वतंत्र प्रश्न मानून घ्यायला हरकत नाही. भीतीने माणसं रस्ता सोडतात, रस्ता ओस पडतो आणि ओस रस्त्यावर खरोखरच गुन्हा सोपा होतो. पण त्यावरचा उपाय वेगळा असतो. अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पायी गस्तीचा प्रयोग झाला. गुन्ह्यांच्या आकड्यांत फरक पडला नाही, पण रहिवाशांना पायी फिरणारे पोलीस दिसले आणि त्यांची भीती कमी झाली. म्हणून ‘गुन्हे कमी करायचे आहेत’ आणि ‘लोकांना निर्धास्त वाटायला हवंय’ ही दोन उद्दिष्टं वेगवेगळ्या ओळींत लिहा.

त्या रस्त्याचं नेमकं काय भिववतं, हे बैठकीत बसून कळणार नाही. ज्या घाबरतात त्यांच्यातल्या चार-पाच जणींबरोबर त्याच वेळी, अंधार पडल्यावर, ते अंतर चालून या. दर पन्नास पावलांवर थांबून विचारा : इथे कसं वाटतं, का? पहिल्या वळणावर उत्तर येईल की दिवा आहे, पण झाडाची फांदी त्याच्या आड आली आहे. पुढे बंद गाळ्यांची रांग लागते आणि तिथे हाक मारली तरी ऐकायला कोणी नाही. त्याच्या पुढे भिंतीला लागून मोटारी उभ्या असतात, म्हणून पायी जाणाऱ्यांना रस्त्याच्या मधून चालावं लागतं. या तिन्ही गोष्टींपैकी एकही गुन्ह्याच्या नोंदवहीत सापडणार नाही. फांदी छाटणं हे एका सकाळचं काम आहे.

आणि एक लक्षात ठेवा. तक्रारी लिहून घेण्याची व्यवस्था सुधारली, की पहिल्या काही महिन्यांत आकडे वाढतात. तेव्हा अधिकाऱ्याला जाब विचारायला जाऊ नका. लोक पुढे येऊ लागल्याची ती खूण असू शकते.

प्रश्न : आमची मागणी साधी आहे : गस्त वाढवा. ती मान्यही होते. पण फरक पडत नाही. का?

कारण मोटारीतून इकडून तिकडे फिरत राहणारी गस्त जवळजवळ काहीच करत नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये वर्षभर हे तपासून पाहिलं गेलं. पंधरा बीटचे तीन गट केले. एका गटात नेहमीची गस्त थांबवली आणि बोलावणं आलं तरच गाडी गेली. दुसऱ्यात गस्त दुप्पट-तिप्पट केली. तिसऱ्यात होती तशी ठेवली. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, लोकांच्या भीतीतही नाही. कोणत्या बीटमध्ये काय बदललं, हे बहुतेक रहिवाशांच्या लक्षातही आलं नाही.

पण यावरून ‘गस्त निरुपयोगी’ असा अर्थ काढणं चूक ठरेल. गुन्हा हद्दभर सारखा पसरलेला नसतो. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेल्या फोनचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन येत होते. म्हणजे गस्त संपूर्ण हद्दीत पसरवली, तर तिचा बहुतेक वेळ जिथे काही घडतच नाही तिथे जातो.

तेव्हा ‘गस्त वाढवा’ असं न म्हणता जागा मागा. सहा महिन्यांच्या घटना नकाशावर टिपा. प्रत्येक घटनेला टिकली लावा आणि टिकलीचा रंग वेळेनुसार ठेवा : सकाळ, दुपार, संध्याकाळ, मध्यरात्रीनंतर. एकाच रंगाच्या तीन-चार टिकल्या जिथे एकमेकींना खेटून बसतात, ती तुमची जागा. पूर्ण मोहल्ला म्हणजे जागा नव्हे. चौक, जिना, वाहनतळाचं टोक, फार तर रस्त्याचा एक तुकडा, इतकी ती लहान हवी. अशा पाच-सहा जागांची यादी वेळेसकट द्या.

तिथे किती वेळ थांबायचं, हेही ठरलेलं हवं. संशोधक ख्रिस्तोफर कोपर यांनी १९९५ मध्ये मिनियापोलिसच्याच नोंदींवरून दाखवलं, की दहा मिनिटांपेक्षा कमी थांबल्यास मागे फारसा परिणाम उरत नाही, चौदा-पंधरा मिनिटांपर्यंत तो वाढत जातो आणि त्यापुढे अधिक थांबून वेगळं काही साधत नाही. त्यामुळे एका जागी तासभर उभं राहण्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या चार फेऱ्या कराव्यात. वेळा रोज बदलत्या ठेवा. रोज नऊला येणारी गाडी नऊ वाजून वीस मिनिटांनी निघून जाते, हे चोरालाही कळतं. गाडीतून उतरून चालायचं, दुकानदाराशी, पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलायचं. काच वर करून गाडीत बसून राहणं ही पंधरा मिनिटं फुकट घालवण्याची खात्रीची पद्धत आहे.

खांबाला वही अडकवून त्यात सही करायची पद्धत पुष्कळ ठिकाणी असते. सही एवढंच सांगते की माणूस येऊन गेला. वहीत आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि काय दिसलं याची एक ओळ असे तीन रकाने केले, तर तीच वही महिनाअखेरीस कामाची होते.

प्रश्न : आमच्या इमारतीत एका घरात घरफोडी झाली. ‘आता चोर परत थोडाच येणार’ असं सगळे म्हणाले. पाच आठवड्यांनी त्याच घरात पुन्हा चोरी झाली. हा योगायोग की काय?

योगायोग नाही. एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याचा धोका न फोडलेल्या घरापेक्षा जास्त असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत तो सर्वांत जास्त असतो. कारण सरळ आहे. चोराला आता आत शिरायची वाट ठाऊक आहे, काय घ्यायचं राहिलं ते ठाऊक आहे आणि गेलेल्या वस्तूच्या जागी नवी वस्तू येणार हेही ठाऊक आहे. धोका शेजारच्या घरांवरही सरकतो, विशेषतः ज्यांची दारं-खिडक्या त्याच घडणीच्या असतात त्यांच्यावर.

इंग्लंडमध्ये रॉचडेलमधल्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकाच्या मध्यात याच निरीक्षणावर काम झालं. सगळ्या वसाहतीला सल्ले देत न बसता, ज्या घरात चोरी झाली त्या घराभोवतीच सगळं बळ लावलं. कुलपं बदलली, ज्यांतली रोकड चोर नेत ते नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर काढले आणि आसपासच्या पाच-सहा घरांना त्या एका घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. वर्षभरात घरफोड्या आधीच्या सुमारे ४० टक्क्यांवर आल्या.

हे कुठेही करता येतं. चोरी झाल्यावर पहिल्या ४८ तासांत, पंचनामा उरकल्यानंतर, चोर जिथून शिरला ती वाट पक्की करा. नुसतं नवं कुलूप पुरत नाही. बहुतेक वेळा कुलूप तुटलेलं नसतं. चौकटीतली कडी उखडलेली असते, कारण ती पाऊण इंचाच्या स्क्रूंवर उभी असते. तिथे तीन इंची स्क्रू घालून ते चौकटीतून मागच्या भिंतीत जाऊ द्या. मग वरच्या, खालच्या, दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरांना सांगा : सहा आठवडे या दारावर लक्ष ठेवा, अनोळखी आवाज आला तर स्वतः बाहेर न पडता फोन करा. त्याच घडणीच्या खिडक्या ज्यांच्या आहेत, त्यांना वेगळं सांगा. बीटच्या यादीत ती इमारत तेवढ्याच काळासाठी घालायला सांगा. मुदत ठरलेली असली की लोक मनापासून लक्ष देतात. ‘सदैव सावध राहा’ या सूचनेचा परिणाम आठवडाभरात ओसरतो.

प्रश्न : जमलेला निधी सीसीटीव्हीवर घालावा का?

वाहनतळ असेल तर जरूर विचार करा. तिथे कॅमेऱ्यांचा उपयोग बऱ्यापैकी सिद्ध झालेला आहे. भांडणं, मारामारी यांवर परिणाम फारसा दिसत नाही. चिडलेला किंवा नशेत असलेला माणूस कॅमेरा पाहून हात आवरत नाही.

खरेदीपेक्षा देखभालीत जास्त घोळ होतो. चित्रणातलं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे असतं, त्यामुळे ते पुरावा म्हणून लंगडं पडतं. भिंगावर कोळ्याचं जाळं असतं. कॅमेरा इतका उंच लावलेला असतो, की फक्त टाळू दिसते. समोरच्या दिव्यामुळे रात्री सगळं पांढरं दिसतं. आणि साठवण सात दिवसांची, तर चोरी उघडकीस येते दहाव्या दिवशी. एका माणसावर जबाबदारी द्या : दर पंधरा दिवसांनी घड्याळ तपासायचं, भिंग पुसायचं, रात्रीचं एक मिनिट काढून चेहरा आणि वाहनाचा क्रमांक वाचता येतो का ते पाहायचं. साठवण तीस दिवसांची घ्या. चित्रण कोण पाहू शकतो ते लिहून ठेवा आणि व्हॉट्सॲपच्या गटावर ते टाकायला सक्त मनाई करा. असा माणूस मिळत नसेल, तर कॅमेरे घेऊ नका. तो निधी दिव्यांवर घाला.

प्रश्न : कोपऱ्यावर मुलं घोळका करून उभी असतात. ‘त्यांना हटवा’ हा आमच्या बैठकीतला पहिला ठराव होता. काही जण रात्री स्वतः गस्त घालून त्यांना हुसकवायचं म्हणतात.

आधी त्या ठरावात गुन्हा कोणता आहे ते शोधा. उभं राहणं हा गुन्हा नाही. त्या घोळक्यातून कोणी मुलींचा माग काढतो, कोणी अंमली पदार्थ विकतो, कोणी दुकानदाराकडून पैसे उकळतो, असं काही असेल तर ते कृत्य आणि त्याची वेळ लिहा. अग्रक्रम ते कृत्य होईल, मुलं होणार नाहीत. तसं काही नसेल, तर तो जागेच्या वापराचा प्रश्न आहे. मैदान सातला बंद होतं, घरात बसायला जागा नाही आणि कोपऱ्यावर दिवा आहे, म्हणून ती तिथे उभी राहतात. मैदानाची वेळ दोन तासांनी वाढवल्यावर कोपरा रिकामा होत असेल, तर त्यासाठी गाडी पाठवायची गरजच नव्हती.

सरसकट हटवण्याची किंमत मोजावी लागते. काही न करता ज्याला चारचौघांत झापलं, त्या मुलाकडून पुढे कधीही माहिती मिळत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांचं १९९० पासूनचं संशोधन हेच सांगतं : शिक्षेच्या भीतीपेक्षा, आपल्याशी न्यायाने वागलं गेलं या भावनेने लोक कायदा जास्त पाळतात. म्हणणं ऐकून घेणं, कारण सांगणं आणि आदराने बोलणं, एवढ्याने फरक पडतो.

रहिवाशांच्या गस्तीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : पाहा, लिहा, कळवा. याच्या पलीकडे काही करू नका. काठी नको. कोणाला अडवायचं नाही, ओळखपत्र मागायचं नाही, पाठलाग करायचा नाही. नेहमी दोघांनी मिळून जायचं आणि नावं आधी ठाण्यात द्यायची. गटावर कोणाही ‘संशयिता’चं छायाचित्र टाकायचं नाही. चुकीच्या माणसाला जमावाने धरल्याच्या घटना अशाच एका छायाचित्रापासून सुरू होतात. मग तो प्रश्न कोणत्याही समितीच्या हाताबाहेर जातो.

प्रश्न : तीन महिन्यांनी घटनांचा आकडा ६ वरून ४ वर आला. यश मिळालं असं म्हणायचं का?

नाही. लहान आकडे आपोआपच वर-खाली होतात. अंदाजासाठी एक सोपी कसोटी आहे. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याची दुप्पट करा. आकड्यांतला फरक त्याहून कमी असेल, तर निष्कर्ष काढू नका. ६ आणि ४ ची बेरीज १०, वर्गमूळ सुमारे ३.२, दुप्पट ६.४. फरक फक्त २, म्हणजे काहीच सांगता येत नाही. २४ वरून ९ झाले असते, तर बेरीज ३३, वर्गमूळ सुमारे ५.७, दुप्पट ११.४ आणि फरक १५. तिथे खरोखर काही बदललं असं मानता येईल.

तुलना मागच्या तीन महिन्यांशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी करा. सुट्ट्या, पाऊस, परीक्षा यांनी आकडे हलतात. शेजारच्या, जिथे काहीच केलं नाही अशा भागाचे आकडेही मागवा. तिथेही तेवढीच घट असेल, तर श्रेय तुमच्या कामाचं नाही.

‘इथून हटवलं की चोर शेजारी जातात’ असं नेहमी म्हटलं जातं. कधी कधी तसं होतंही. पण अमेरिकेतल्या जर्सी सिटीत गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइसबर्ड आणि सहकाऱ्यांनी हे मुद्दाम मोजलं, तेव्हा गुन्हे शेजारी सरकले नव्हते, उलट लगतच्या गल्ल्यांतही सुधारणा दिसली. तेव्हा गृहीत धरू नका, मोजा.

‘किती फेऱ्या झाल्या, किती फलक लावले’ हे कामाचं मोजमाप आहे, परिणामाचं नाही. दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

प्रश्न : आमच्या कोणत्याच बैठकीत घरातल्या मारहाणीचा विषय निघत नाही. तो यादीत आणायचा कसा?

तो बैठकीत निघणार नाही, हे धरूनच चाला. मारणारा कदाचित त्याच खोलीत बसलेला असतो. पण वरचे निकष लावून पाहा : नुकसान पाच, वारंवारता पाच, जागा आणि माणूस ठरलेला. पंचवीसपैकी इतके गुण मिळवणारा दुसरा प्रश्न क्वचितच सापडेल. तो चिठ्ठीत आला नाही म्हणून यादीतून गळू देऊ नका. बैठकीत मतदान दोन जागांसाठी घ्या आणि तिसरी जागा या प्रश्नासाठी आधीच राखून ठेवा.

इथे नकाशा काढायचा नाही, टिकल्या लावायच्या नाहीत. पत्ते समितीकडे येताच कामा नयेत. ठाण्याला तीन गोष्टी विचारा. एकाच घरातून दुसऱ्यांदा फोन आला, तर तो पहिल्यासारखाच हाताळला जातो की वेगळा? गेलेला अंमलदार दोघांशी वेगवेगळ्या खोल्यांत बोलतो का? नंतर काही दिवसांनी, मार खाल्लेली बाई एकटी असण्याच्या वेळी, कोणी तिची विचारपूस करतं का? उत्तरं आकड्यांत मागा : महिन्यात दुसऱ्यांदा आलेले फोन किती आणि त्यांपैकी कितींमध्ये पुन्हा संपर्क झाला.

गळा दाबल्याची तक्रार आली, तर ती ‘किरकोळ झटापट’ म्हणून लिहिली जात नाही ना, हे आवर्जून विचारा. मानेवर खूण दिसत नसली तरी आतली इजा गंभीर असू शकते आणि पुढे जिवावर बेतण्याचा धोका अशा घरात कितीतरी जास्त असतो. अशा बाईला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं गेलं पाहिजे.

शेजाऱ्यांनी काय करायचं, हे मात्र उघडपणे सांगता येतं. आवाज आला तर फोन करा आणि वेळ लिहून ठेवा. ‘नवरा-बायकोचं आहे’ म्हणून दार लावून घेऊ नका, पण एकट्याने मध्येही पडू नका. दुसऱ्या दिवशी ती एकटी भेटली तर मदतीचा क्रमांक तोंडी सांगा. चिठ्ठीवर लिहून देऊ नका, फोनवर पाठवू नका. दोन्ही तिच्या घरात सापडू शकतात.